युक्ताहार

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाची सारी सिद्धता सांगून झालेली असते. शुद्ध जागा निवडली आहे, दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र एकावर एक अंथरून आसन स्थिर केले आहे, पाठ, मान आणि मस्तक एका रेषेत आणून दृष्टी नासिकाग्री लावली आहे, आणि मन आता आत वळणार अशा क्षणी भगवंत अर्जुनाशी जेवणाविषयी बोलू लागतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सदा जागणाऱ्यालाही नाही. समाधीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या साधकाला अन्नाची आणि झोपेची आठवण करून देणारे हे शास्त्र किती जमिनीवरचे आहे, याचे मला प्रत्येक वाचनात नव्याने नवल वाटते. लगेच पुढच्या श्लोकात एकच शब्द तीनदा येतो: आहारविहार युक्त असावा, कर्मातली हालचाल युक्त असावी, निद्रा आणि जागृती युक्त असावी, आणि असे ज्याचे आहे त्याचा योग दुःखाचा नाश करणारा होतो. या 'युक्त' शब्दापाशी आज आपण थोडे बसू या, कारण वजन, साखर, रक्तदाब, चरबी यांच्या चिंतेने आपल्यापैकी अनेकांचे ताट हल्ली जड झाले आहे, आणि त्या चिंतेला योग्य जागा कोणती हे हा शब्द फार प्रेमाने सांगतो.

युक्त म्हणजे बेताचे, असा अर्थ आपण सहज करतो, आणि तो चुकीचा नाही. पण बेत म्हणजे दोन टोकांमधला गणिती मध्यबिंदू, असे समजून आपण पुढे निघालो तर शब्दाचे पहिले साल सोलून गाभा टाकून दिल्यासारखे होईल. ज्ञानेश्वर माऊलींनी या श्लोकांवर निरूपण करताना दोन माणसे आपल्यासमोर उभी केली आहेत. एक जिभेचा अंकित झालेला आणि निद्रेला जीव विकून बसलेला. त्याला आपण सगळे ओळखतो, त्याला बोल लावणे सोपे असते. दुसरा मात्र आग्रहाच्या बंदिशाळेत भूक आणि तहान कोंडून घालतो आणि आहार तोडून टाकतो. आणि माऊली म्हणतात की त्याचाही देह त्याच्या ताब्यात राहत नाही, मग योग कुठला? पहिल्याला असंयमी म्हणणारा समाज दुसऱ्याला बहुधा निग्रही म्हणून गौरवतो, त्याची छायाचित्रे पाहून हळहळतो आणि त्याच्यासारखे व्हावे असे म्हणतो. माऊलींनी दोघांना एकाच पंक्तीला बसवले आहे. युक्त या शब्दाचे गांभीर्य इथे प्रथम जाणवते, कारण ज्याला आपण उपाय समजून धावत जातो तो कधी कधी त्याच रोगाचे दुसरे तोंड असतो.

मग युक्त म्हणजे काय? युक्त म्हणजे जोडलेले. बैलाच्या मानेवर जू ठेवतात तेव्हा ते सैल राहिले तर गाडी ओढली जात नाही आणि आवळले गेले तर मानेला आवाळू येते. जाणता गाडीवान सापत्या बांधताना बैलाच्या मानेकडे पाहतो, आणि दर मुक्कामाला पुन्हा पाहतो. आहार युक्त असणे म्हणजे तो कशाशी तरी नीट जोडलेला असणे: आजच्या भुकेशी, आज केलेल्या श्रमांशी, ऋतूशी, वयाशी, अंगातल्या व्याधीशी, आणि शेजारी पाटावर बसलेल्या माणसांशीही. यातला एकेक धागा तुटत जातो आणि शेवटी ताटाला जोडलेला एकच धागा उरतो, मग तो जिभेचा असो की वजनकाट्याचा, तेव्हा आहार अयुक्त होतो. कमी झाला म्हणून नव्हे, जास्त झाला म्हणूनही नव्हे. एकटा पडला म्हणून.

चरकसंहितेत या जोडलेपणाची फार बारीक उकल आहे. आहार मात्रेत घ्यावा हे सांगून चरक थांबत नाहीत. ती मात्रा जेवणाऱ्याच्या अग्नीच्या बळावर अवलंबून असते, असे ते लगेच म्हणतात, म्हणजे माप अन्नात नसून अन्न आणि माणूस यांच्या भेटीत आहे. विमानस्थानात आहाराचा विचार करताना ज्या आठ गोष्टी पाहायच्या त्या त्यांनी मांडल्या आहेत: पदार्थाचा स्वभाव, त्यावर झालेला संस्कार, कशाबरोबर खाल्ला, किती खाल्ला, कोणत्या प्रदेशात, कोणत्या काळी, कोणत्या नियमांनी, आणि सर्वांत शेवटी उपयोक्ता, म्हणजे खाणारा स्वतः. आठवा मुद्दा गाळला की उरलेले सातही लुळे पडतात. ज्वारीची भाकरी पथ्याची खरी, पण ती शेतावर दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईच्या ताटातली आणि कार्यालयात दहा तास खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या ताटातली, एकाच पिठाची असूनही, एकच भाकरी नव्हे. युक्ततेचा निवाडा पिठाच्या डब्यावर छापलेला मिळत नाही.

आणि मात्रा बरोबर झाली हे ओळखायचे कसे? चरकांनी दिलेल्या खुणा मी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे आणि त्यांतल्या एका खुणेशी दर वेळी थबकतो. कुशीवर दाब नाही, हृदयाला अडथळा नाही, बरगड्यांत ताण नाही, पोट जड नाही, इंद्रिये प्रसन्न आहेत, भूक आणि तहान शमली आहे. आणि उभे राहताना, बसताना, निजताना, चालताना, श्वास घेता-सोडताना, हसताना आणि गप्पा मारताना सुख वाटते आहे. हसताना आणि गप्पा मारताना! जेवण योग्य झाले की नाही हे ठरवताना त्या प्राचीन वैद्याने माणसाच्या हसण्याची विचारपूस केली आहे. ही खूण आजच्या कुठल्याही आहारतक्त्याशेजारी ठेवून पाहावी. ताटातले सगळे घटक प्रमाणात आहेत, उष्मांकांची बेरीज जुळली आहे, पण जेवणारा गप्प आहे, त्याचे चित्त पुढच्या घासाच्या हिशेबात गुंतले आहे, समोर बसलेल्या मुलाचे बोलणे त्याच्या कानांवरून वाहून चालले आहे. तर चरकांच्या कसोटीला ते जेवण अर्धवटच उतरले, असे म्हणावे लागेल. युक्त आहाराच्या लक्षणांत प्रसन्नता हे भूषण म्हणून जोडलेले नाही, ते लक्षणांच्या यादीतच आहे.

इथे कोणी असे समजू नये की आरोग्याची उद्दिष्टे ठेवणे हा श्रद्धावंताला न शोभणारा उद्योग आहे. तसे मुळीच नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या सीमेवर आहेत. हे आकडे आपल्या घरांतले आहेत. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला रांगेत उभे असलेले काका, जेवणाआधी गोळी घेणारी आत्या, पायाला मुंग्या येतात म्हणून रात्र रात्र न झोपणारे शेजारी, हे सगळे त्या आकड्यांत आहेत. रक्तातल्या साखरेच्या तपासणीचा, एचबीएवनसीचा, कागद हातात आल्यावर ताटातला भात कमी करणे, रोज तासभर चालणे, साखरेचा चहा सोडणे, ही देहाची सेवाच आहे. उद्दिष्ट ठेवावेच. प्रश्न एवढाच असतो की ते उद्दिष्ट कशाशी जोडलेले आहे, आणि ते युक्त राहावे म्हणून आपण अधूनमधून मानेवरचे जू तपासतो की नाही.

आकड्यांची मर्यादा ओळखणे हा त्या तपासणीचा एक भाग, आणि त्याचे एक उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. वजन आणि उंचीचा वर्ग यांच्या गुणोत्तराला बीएमआय म्हणतात. ते मूळ एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले यांनी मांडले, आणि ते वैद्य नव्हते, गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते. लोकसमूहातला सरासरी माणूस कसा असतो, हा त्यांचा शोध होता. २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. आपली माणसे दिसायला सडपातळ असूनही आत मेद साठवतात, आणि ही ठेवण गर्भातच आकाराला येऊ लागते, हे याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अनेक वर्षे अभ्यास करून दाखवले. यातून दोन्ही प्रकारच्या माणसांनी काही घ्यावे. मी बारीक आहे, मला काय होणार, असे म्हणणाऱ्याने आपली तपासणी करून घ्यावी. आणि वजनकाट्यावरचा आकडा पाहून सकाळच्या सकाळी स्वतःला नालायक ठरवणाऱ्याने ध्यानात घ्यावे की त्या काट्याला आपल्याविषयी फार थोडे ठाऊक आहे. त्यातही ही गर्भातली ठेवण कोणाच्या आळसाचे फळ नव्हे. आकडा साक्षीदार म्हणून उभा करावा. त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवले की युक्तता गेली.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या घराघरांत 'दीक्षित की दिवेकर' हा वाद रंगला होता, तो आठवतो. दिवसातून दोनदाच जेवा, मध्ये काही खाऊ नका, असे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते. थोडे थोडे, वेळेवर, आपल्या मातीतले आणि घरचे खा, असे ऋजुता दिवेकर सांगत होत्या. दोघांच्याही सांगण्याने पुष्कळांना चांगला लाभ झाला. पण त्या वादात 'बरोबर कोण?' हा एकच प्रश्न चर्चिला गेला, आणि 'कोणासाठी?' हा आठवा मुद्दा, तो उपयोक्ता, बहुतेक वेळा बाहेर उभा राहिला.

आता माऊलींनी वापरलेल्या आग्रह या शब्दाकडे वळू, कारण युक्ततेचा खरा शत्रू तिथे दडलेला आहे. आग्रह म्हटला की आपल्याला पंगत आठवते. लग्नाची पंगत बसली आहे, वाढपी जिलबीचे ताट घेऊन येतो, मधुमेही काका ताटावर दोन्ही हात आडवे धरतात, वरून यजमान म्हणतात, "अहो, आजच्या दिवशी एक तरी!", शेजारचे म्हणतात, "एका जिलबीनं काय होतंय?", आणि बोटांच्या फटीतून पाकाचा थेंब पापडावर पडतो, काका हसतात, हात काढतात, आणि एकीच्या तीन होतात. यात प्रेम आहे, हे कोणी नाकारू नये. पाहुण्याने पोटभर जेवावे या इच्छेमागे दुष्काळाच्या शतकांची स्मृती आहे, अन्न कमी पडू नये ही माउलीची काळजी आहे. तरीही ते प्रेम त्या क्षणी समोरच्या देहाशी जोडलेले नसते. ते त्या देहाचे म्हणणे ऐकत नाही. आणि न ऐकणे हीच आग्रहाची खूण आहे.

नेमके हेच न ऐकणे आपण स्वतःशी करतो तेव्हा त्याला मात्र शिस्त म्हणतो. आतला तो यजमान उलट्या दिशेने आग्रह करत राहतो: आणखी कमी, आणखी एक वेळ सोड, कालच्या घासाची आज भरपाई कर. या आग्रहाने माणसाचे काय होते, याचा एक फार जुना आणि काळजीपूर्वक केलेला अभ्यास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात, १९४४ च्या नोव्हेंबरपासून, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांवर तो केला. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे हे त्यांना जाणून घ्यायचे होते. चोवीस आठवडे या तरुणांना दिवसाला सुमारे १५७० उष्मांकांचे अन्न दिले गेले आणि त्यांचे वजन जवळजवळ पाव हिश्श्याने उतरले. देह खंगला हे अपेक्षितच होते; पण त्यांचे मनही अन्नाने व्यापून गेले. पूर्वी ज्यांना स्वयंपाकात काडीचा रस नव्हता ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटून पुसू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांपासून दूर राहू लागले. आणि पुढे पोटभर खाण्याची मुभा मिळाल्यावर काहींना कितीही खाल्ले तरी पोट भरल्याची जाणीवच होईना. ते तरुण दुबळ्या मनाचे नव्हते; स्वेच्छेने हे कष्ट पत्करणारे, निश्चयी लोक होते. त्यांना दिलेला तो आकडा पुन्हा पाहावा, कारण आज त्याहूनही कमी उष्मांकांचे तक्ते लोक एकमेकांना हौसेने पाठवत असतात. म्हणून दिवसभर भूक दाबून रात्री दहा वाजता फरसाणाचा डबा रिकामा करणाऱ्याने स्वतःच्या इच्छाशक्तीला शिव्या देण्याआधी थोडे थांबावे. चरकांनी जे तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत असे सांगितले आहे त्यांत शिंक आहे, जांभई आहे, अश्रू आहेत, झोप आहे, तहान आहे, आणि भूकही आहे. भूक हा विकार नव्हे. तो देहाने पाठवलेला निरोप आहे, आणि निरोप घेऊन येणाऱ्याला दारातच कोंडून घातले तर रात्री तो दार फोडतो.

मग उपवासाचे काय? आपण एकादशी करतो, श्रावणी सोमवार करतो, नवरात्र करतो; तेही भुकेला अडवणेच नाही का? या शंकेचा मला आदर वाटतो, आणि तिचे उत्तर व्रताच्या बांधणीतच आहे. एकादशीला द्वादशी असते. उपवास जितका विधीचा भाग तितकेच पारणेही विधीचा भाग आहे; वारकरी बारस सोडतो तेव्हा ती सवलत नसते, तेही व्रतच असते. व्रताला आदी आहे, अंत आहे, देवता आहे आणि सोबत आहे. आणि त्याला अपवादही आहेत. लहान मुले, वृद्ध, गर्भवती, आजारी यांच्यासाठी शास्त्रकारांनी दार उघडे ठेवले आहे, पाणी, कंदमूळ, फळ, दूध यांनी व्रत मोडत नाही असे म्हटले आहे, आणि औषधानेही मोडत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. उपवासाच्या दिवशी मधुमेहाची गोळी न घेणाऱ्या, किंवा गोळी घेऊन वर काहीच न खाणाऱ्या आपल्या माणसांच्या कानावर हे घालायला हवे. आधी वैद्याला विचारणे हे व्रताच्या आड येत नाही. आज अनेकांनी घेतलेल्या आहारनियमांना मात्र पारणे नाही. ते सुरू होतात आणि मोडतात. त्यांत सोडण्याचा दिवस नसतो, फक्त ढासळण्याचा असतो. ज्या नियमाला पारणे नाही तो युक्त कसा राहील? आणि जाता जाता हेही सांगतो, की 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे. साबुदाण्याच्या खिचडीवर तुपाची धार आणि वर बटाट्याचा कीस, यात उपही नाही आणि वासही नाही, हे त्यांना ठाऊक होते.

पारण्याबरोबर आणखी एक गोष्ट हरवली आहे. भोजनापूर्वी आचमन करून ताटाभोवती पाणी फिरवणारे, चित्राहुती काढणारे हात आता थोडे उरले. तो आचार सर्वांनी पुन्हा सुरू करावा असे माझे म्हणणे नाही. पण त्या आचारात अन्नाकडे पाहण्याची एक दृष्टी होती आणि तिच्या जागी आलेली भाषा ऐकली की जीव कळवळतो. "आज मी पाप केलं, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या." "रविवारी माझं चीट मील असतं." म्हणजे आठवड्यातले सहा दिवस अन्नाशी करार आणि सातव्या दिवशी त्या कराराशी बेइमानी! तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये, हे व्रत म्हणून सांगितले आहे. तिथेच भृगू आपल्या पित्याकडे, वरुणाकडे, ब्रह्म जाणायला जातो, तप करतो, आणि त्याला पहिले जे ब्रह्म कळते ते अन्न. पुढे प्राण, मन, विज्ञान, आनंद अशा पायऱ्या तो चढतो, पण अन्नाची पायरी खोटी ठरत नाही. आनंदमय कोशापर्यंत पोचलेल्या ऋषीने त्यानंतरच अन्नाची निंदा न करण्याचे व्रत सांगितले आहे. पुरणपोळी दोन ऐवजी एक खावी, हे वैद्य सांगू शकतो आणि ते ऐकावे. पण जी एक खायची ती अपराध्यासारखी खाल्ली तर तिच्यातला गूळ अंगी लागतो आणि आनंद लागत नाही. हा व्यवहार सर्व बाजूंनी तोट्याचा झाला.

अन्नाविषयी जे, तेच देहाविषयी. अन्नमय कोश हा पाचांतला पहिला. त्याच्यात राहूनच पुढच्या चारांचा प्रवास होतो. आपल्या घरांत मात्र कोणी वर्षाने भेटले की पहिले वाक्य देहावर येते: "किती सुटलीस गं!", "वाळलास की रे, खातोस ना नीट?" बोलणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणारी मुलगी तेरा वर्षांची असेल तर ते वाक्य तिच्या मनात मायेने राहत नाही. ती आरशासमोर जाते, आणि उद्यापासून डब्यातली पोळी मैत्रिणीला देऊ लागते. हे कधी कधी फार पुढे जाते. मुलगी किंवा मुलगा जेवण टाळण्यासाठी कारणे सांगू लागला, खाऊन झाल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊन मुद्दाम उलटी करू लागला, मुलीची पाळी थांबली, व्यायाम चुकला म्हणून रडू येऊ लागले, तर तो हट्ट किंवा फॅशन समजू नये. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि डॉक्टर व मनोविकारतज्ज्ञ या दोघांची मदत उशीर न करता घ्यावी. शुद्ध आणि आरोग्यदायी खाण्याचाच ध्यास लागून माणूस खंगू लागतो, त्यालाही स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९९७ मध्ये 'ऑर्थोरेक्सिया' असे नाव दिले. सात्त्विकतेचा आग्रह हाही आग्रहच.

आणि युक्ततेचा विचार करताना स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला विसरून चालणार नाही. सगळ्यांची पाने वाढून झाली, गरम पोळ्या पानांत पडल्या, मुलाने अर्धी टाकलेली भाजी उचलून तिने आपल्या ताटलीत घेतली, कढईच्या कडेला चिकटलेला मसाला भाकरीच्या तुकड्याने निपटला, आणि उभ्या उभ्या चार घास खाऊन ती भांडी घासायला लागली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. तिला 'कमी खा' हा उपदेश कसा लागू पडेल? तिच्यासाठी युक्त म्हणजे अधिक: अधिक डाळ, अधिक पालेभाजी, एखादे अंडे चालत असेल तर तेही, आणि या सगळ्याआधी, बसून जेवणे. एकाच घरात सासऱ्यांसाठी युक्त म्हणजे अर्धी वाटी भात आणि सुनेसाठी युक्त म्हणजे भरलेले ताट असू शकते, आणि दोन्ही ताटे एकाच पंक्तीत, एकाच वेळी मांडली जावीत.

उद्दिष्टही गाठावे आणि देहाशी वैरही नसावे, हे कसे साधते याची एक फार सुंदर कथा संयुत्त निकायात आहे, तिचे नाव दोणपाक सुत्त. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर, म्हणजे त्या काळचे एक मोठे माप भरून, भात जेवायचा. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवान बुद्धांच्या दर्शनाला आला. बुद्धांनी त्याची अवस्था पाहिली. त्याला लोभी म्हटले नाही, राजाला शोभत नाही असेही म्हटले नाही. जो जागरूक राहून मिळालेल्या अन्नाची मात्रा जाणतो, त्याच्या वेदना हलक्या होतात, त्याचे वार्धक्य हळू येते आणि आयुष्य जपले जाते, एवढ्या आशयाची एक गाथा ते म्हणाले. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला सांगितले, ही गाथा पाठ कर आणि माझ्या जेवणाच्या वेळी म्हणत जा. त्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण ठरवले. हळूहळू राजाचे जेवण द्रोणावरून एका नाळीच्या लहान मापावर स्थिरावले, आणि एके दिवशी हलक्या झालेल्या आपल्या अंगावरून हात फिरवत तो कृतज्ञतेने उद्गारला की भगवंतांनी इहलोकीच्या आणि परलोकीच्या, अशा दोन्ही हितांनी माझ्यावर अनुकंपा केली. यात सांगण्यासारखे खूप आहे: बदल हळूहळू झाला; आठवण करून देणारा माणूस राजाने स्वतः नेमला, त्याच्यावर लादला गेला नाही; पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याचा आपल्या अंगावरून फिरलेला हात. ज्या देहाला तो सुधारत होता त्याच्याविषयी त्याच्या मनात माया होती, आणि बुद्धांनी त्याला दिलेले कारणही वेदना हलकी व्हावी हेच होते.

गीतेतल्या त्या श्लोकाचा शेवटही तिथेच आहे: युक्त आहाराने सिद्ध होणारा योग दुःख हरण करतो. म्हणजे कसोटी श्लोकातच ठेवलेली आहे. आपण हाती घेतलेल्या आहारनियमाने सहा महिन्यांत रक्तातली साखर उतरली आणि त्याबरोबर घरातला अबोला, मनातली भीती आणि आरशाचा दुस्वास वाढला, तर एक दुःख कमी करताना आपण दुसरे पेरले. नियम सोडून द्यावा असे नव्हे. सापत्या पुन्हा बांधाव्यात. भाताची वाटी अर्धी करायला डॉक्टरांनी सांगितले असेल तर ती अर्धीच करावी, पण ती अर्धी वाटी बसून, दूरचित्रवाणी बंद करून, सावकाश जेवावी, कारण पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटे लागतात आणि घाईने जेवणाऱ्याला तो कधी मिळतच नाही. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ यावी, जेवणानंतर शतपावली घालावी, घरच्यांनी ताटावर आडवा आलेला हात पाहून दुसऱ्यांदा वाढू नये आणि पहिल्या वाढीवर डोळेही वटारू नयेत. आणि तीन महिन्यांनी तपासणीचा कागद घेऊन वैद्याकडे जाताना त्या कागदाबरोबर दोन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात: जेवण झाल्यावर मला सुखाने हसता-बोलता येते का, आणि ताट समोर आले की मनात धास्ती उभी राहते का. पुढच्या तीन महिन्यांचे माप ठरवताना चांगला वैद्य या दोन उत्तरांनाही रक्ताच्या आकड्यांइतकाच वेळ देईल; न दिला तर आपण थांबून त्याला ती पुन्हा सांगावीत.